काठमांडूच्या बँकेत घेतलेलं नाव

इकडे ये वं श्रुती. तो फोन बाजूला ठेव आणि हे पान घेऊन अशी जवळ बस. आधी रागावणार आहे, मग सांगणार आहे. परदेशात तुझं कार्ड बंद पडलं, मशीननं पैसे दिले नाहीत, तू बिस्किटं खाऊन झोपलीस, आणि मला हे कळलं कधी? तू पुण्याला परत आल्यावर, तेही तुझ्या आईकडून. काहून वं? मी काय मेली होती का? आणि वरून तुझ्या आईला म्हणतेस, "आजीला कशाला सांगू, तिला काय कळणार त्यातलं!"

मला काय कळणार! अगं, आपल्या भागातल्या माणसांचे पैसे परमुलखात अडकायचे आणि आम्ही तुमसरात बसून ते सोडवायचो. त्यातच माझं अर्धं आयुष्य गेलं.

आणि अडकलीस कशावरून, तर बँकेच्या पोरीनं फोनवर तुला विचारलं, आईचं माहेरचं आडनाव सांगा. तू घाबरून आईचं आत्ताचं सांगितलंस. तिनं कार्ड पक्कंच बंद केलं. बाप्पा! तुझ्या आईचं माहेर म्हणजे कोण? मीच ना? माझंच आडनाव विसरलीस! तुला शेंगदाण्याचे लाडू कोण धाडते, बँक?

असो. राग गेला. या दिवाळी अंकवाल्यांनी मागे लागून सांगितलं की बाई, बँकेतल्या दिवसांचं काही लिहा. मी म्हटलं, मी काही लिहिणारी नाही, शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं घरी कंदिलाजवळ बसून घोकलेलं. पण श्रुतीला सांगायचंच आहे, तर तिलाच लिहिते. बाकीच्यांनी वाचलं तर वाचलं.

आता आमचं काम कसं होतं ते समजून घे. तुमचं कार्ड तुमच्या खिशात राहते. आमच्या वेळी कार्ड बँकेत राहायचं आणि माणूस फिरायचा. खातं उघडलं की एका जाड कार्डावर त्याची सही घ्यायची. सही येत नसेल तर अंगठा. ही कार्डं लाकडी खणांत उभी लावलेली असायची, आणि ते खण माझ्या ताब्यात. खिडकीवर चेक आला की मी कार्ड काढायची, सही शेजारी सही ठेवायची आणि बघायची. जुळली की पितळेचं टोकन, नाही जुळली की "पुन्हा करा." एवढंच. पण त्या एवढ्यात माणूस रडायचा, भांडायचा, माझ्या सात पिढ्या काढायचा.

आणि माणूस गावाबाहेर गेला की खरी गंमत. तिथल्या बँकेत त्याचं कार्ड नाही, तोंडाची ओळख नाही. मग तिथून आमच्याकडे तार यायची, नाहीतर ट्रंक कॉल. ट्रंक कॉल म्हणजे आधी नंबर लावायचा आणि मग चातकासारखं बसायचं. लागला तर इकडचा माणूस विहिरीत ओरडल्यासारखा ओरडणार आणि तिकडून खरखर ऐकू येणार.

तुमसरच्या राइस मिलचे एक शेटजी मशीनचा माल घ्यायला कलकत्त्याला गेले होते. तिथल्या बँकेत त्यांची सही काही केल्या जुळेना. आमच्याकडून नमुना गेला होता, तो शेजारी ठेवून तिथला बाबू म्हणे, हा माणूस दुसराच आहे. शेटजींचा पारा चढला, सही आणखी बिघडली. ट्रंक कॉल आला तेव्हा आमचे म्हातारे हेड कॅशियर रोकडीच्या जाळीच्या पिंजऱ्यातून बाहेर आले आणि फोन हातात घेऊन त्या बाबूला ओरडून म्हणाले, "साहब, उनको खुर्ची से उतारो! नीचे बिठाओ!" तिकडच्याला कळेना. पण खरंच होतं ते. शेटजी जन्मभर गादीवर मांडी घालून, गुडघ्यावर वही ठेवून सही करत आलेले. टेबल-खुर्चीवर त्यांचा हात दुसऱ्याचा होऊन जायचा. शेवटी कलकत्त्याच्या बँकेत फरशीवर सतरंजी टाकली म्हणे. शेटजी बसले, गुडघा वर घेतला, आणि सही अशी आली जशी छापलेली. परत आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना पेढे दिले, आणि हेड कॅशियरना म्हणाले, "तुम्हाला कसं माहीत हो?" ते म्हणाले, "तुमच्या मिलमध्ये रोकड घ्यायला मी काय डोळे मिटून येतो?"

सगळ्यांचंच असं जुळलं, असं नाही. आंबागडची एक बाई होती, उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडायची, बाकी वर्षभर बिड्या वळायची. तिच्या अंगठ्याला रेघाच उरल्या नव्हत्या. शाई लावून दाबला की कार्डावर नुसता काळा डाग. तपासणीला आलेल्या साहेबांनी सांगितलं, असा अंगठा चालायचा नाही. मी म्हटलं, साहेब, मी ओळखते ना तिला. ते म्हणाले, तुमच्या ओळखण्यावर बँक चालते का? खरं तर तेव्हा बँक त्यावरच चालत होती, पण हे त्यांना कोण सांगणार. त्या बाईनं होतं तेवढं काढून घेतलं, लुगड्याच्या पदरात बांधलं आणि जाताना म्हणाली, "काम करकरून बोट गेलं, तं आता मी नाई का मी?" पुन्हा काही ती आली नाही. आजही आंबागडचा कोणी भेटला की मला ते वाक्य आठवते.

पण तुला सांगायची आहे ती यमुनाबाईची गोष्ट.

सानगडीचे देवाजी आमचे खातेदार. तळ्याखालची चांगली धानाची शेती. तिकडे जवळ बाजार असताना ते धान विकायला तुमसरलाच यायचे, कारण तुमसरच्या बाजारात भाव बरा, असं त्यांच्या बापानं सांगून ठेवलेलं. म्हणून खातंही आमच्याकडे. उंच माणूस, डोक्याला पांढरा दुपट्टा, बोलणं कमी. त्या वर्षी धान चांगलं पिकलं. मळणी झाली, कोठ्या भरल्या, आणि त्यांच्या आईनं हट्ट धरला, शिवरात्रीला नेपाळात पशुपतीनाथाचं दर्शन घ्यायचं. यात्रेची बस भंडाऱ्याहून निघणार होती. घरी गाईढोरं, त्यामुळे देवाजी थांबले आणि सासूच्या सोबतीला सून गेली. यमुनाबाई.

शिवरात्र होऊन गेली. एका सकाळी बँकेचं दार उघडलं तर देवाजी पायरीवर बसलेले. हातात तार. पहिल्या एसटीनं निघून आलेले, तोंडही धुतलेलं दिसत नव्हतं.

"बाई, माही माय पडली."

"कुठं?"

"नेपाळात. घाटाच्या पायऱ्यायवरून. कंबरेचं हाड गेलं म्हन्ते."

तार यात्रेतल्या कोणा शिकलेल्या माणसानं केली होती. म्हातारी दवाखान्यात आहे, पैसे पाठवा, बस तीन दिवसांनी निघणार. एवढंच. पण त्यात सगळं होतं. बस गेली की त्या दोघी परक्या देशात एकट्या. म्हातारीला बसमध्ये बसवता येत नव्हतं, तिला झोपवून गाडीनं सीमेपर्यंत आणि तिथून रेल्वेनं आणायचं, तर हातात पैसा पाहिजे. यमुनाबाईजवळ होता तो दवाखान्यात गेला असणार.

आमचे मॅनेजर साहेब दक्षिणेकडचे. मराठी शिकत होते, बोलताना त्यात हिंदी घालायचे आणि दोन्हीची खिचडी करायचे, पण मनानं फार चांगले. त्यांनी लगेच टी.टी. करायला घेतली. टी.टी. म्हणजे तारेनं पाठवलेले पैसे. इथे खात्यातून काढायचे, तिकडच्या बँकेला तार करायची की अमुक बाईला द्या. तार खरी की खोटी हे कळावं म्हणून त्यात एक गुप्त आकडा घालायचा, तो फक्त दोन्हीकडच्या बँकांना काढता येतो. आमच्या बँकेचा काठमांडूच्या एका बँकेशी व्यवहार होता, म्हणून हे जमलं.

आता घेणारी बाई खरी कशी ओळखायची? अंगठेबहाद्दर, तिचा अंगठा आमच्याकडेच नाही, तर पाठवणार काय? मग अशा वेळी एक प्रश्न पाठवायचा. तुला तुझ्या बँकवालीनं विचारला ना, तसाच. साहेबांनी देवाजींना विचारलं, "बाईचं नाव?"

देवाजी खाली बघायला लागले. "आमच्या घरचे."

"हां, घरचे. नाम क्या है?"

"तेच. घरचे."

मी मध्ये पडले आणि त्यांच्या गावच्या बायकांकडून ऐकलेलं नाव सांगितलं, "यमुनाबाई. ते लिहा." देवाजींच्या कपाळावरचा घाम उतरला. साहेबांनी मग लिहिलं, यमुनाबाई, देवाजींची पत्नी, राहणार सानगडी, जिल्हा भंडारा. ओळखीसाठी गाव आणि पतीचं नाव विचारावं.

आम्ही सगळे तिथेच उभे होतो. हेड कॅशियर होते, मी होते, देवाजी स्वतः होते. कोणाच्याही डोक्यात काही आलं नाही. वाटलं, बरोबर आहे, नवऱ्याचं नाव कोणती बाई विसरेल? तार गेली. देवाजी म्हणाले, "उत्तर आल्याबिगर मी जात नाई," आणि माठाशेजारच्या बाकावर बसले. माझ्या डब्यातली भाकर त्यांना दिली, ती त्यांनी हातात धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तारवाला आला. साहेबांनी तार वाचली, पुन्हा वाचली, आणि मला बोलावलं. तारेत होतं की पैसे घ्यायला आलेली बाई गावाचं नाव बरोबर सांगते, पण पतीचं नाव सांगू शकत नाही. संशय असल्यानं रक्कम थांबवली आहे, कळवावे.

मी तार हातात घेऊन वाचली. आणि बघ हं, हसूही आलं आणि रडूही. माझ्या डोळ्यांसमोर सगळं चित्र उभं राहिलं. काचेमागे तो नेपाळी बाबू, इकडे यमुनाबाई, डोक्यावर पदर. तो विचारतो, पतीचं नाव? ती खाली बघते. तो पुन्हा विचारतो. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी खरडते. त्याला वाटते, हिला माहीतच नाही, ही कोणी दुसरीच.

साहेबांनी देवाजींना आत घेतलं आणि सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्यांनी मान वर केली, आणि त्या काळजीच्या तोंडावर, खोटं नाही सांगत, थोडा अभिमान होता.

"ती नाई घेनार, साहेब. माह्या घरी आली तवापासून नाई घेतलं. बैल सुटला तं 'आइकलं का' म्हन्ते, नाव नाई घेत. मी शेतात राह्यलो न् पाहुना आला, तं पोराले म्हन्ते, तुह्या बापाले बलाव."

"पर अभी तो माँ बीमार है!" साहेब म्हणाले. "हम तार करेंगे, बोलो उसको, नाम बोल दो."

"बोला. नाई आयकत."

"तुम्ही स्वतः सांगता, असं तारेत लिहिलं तर?"

"तरी नाई. उलट म्हनन, हे तार माह्या मालकाची नाहीच." एवढं बोलून त्यांनी हात जोडले. "बस उद्या निघते, साहेब. माय तिथंच राहीन काय?"

साहेब म्हणाले, सोबतच्या कोणा बाईनं नाव सांगितलं तर? पण ते तारेतच होतं. यात्रेतल्या दुसऱ्या बाईनं पुढे होऊन सांगितलं होतं, देवाजी म्हणून, आणि त्यानं बाबूचा संशय दुप्पट वाढला होता. पैसे घेणारी गप्प आणि शेजारीण बोलते! त्याच्या जागी मी असते तर मीही थांबवले असते. त्याचं काय चुकलं?

श्रुती, तुम्ही आता नवऱ्याला नावानं हाक मारता, "ए" म्हणता. मारा. मला आवडते ते ऐकायला. पण आमच्या वेळी नाव घेणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं, असं सांगत. आणि ते एकदा जिभेत बसलं की डोकं कितीही सांगो, जीभ उचलत नाही. मला हे सांगायला कोणी नको होतं.

मी देवाजींना विचारलं, "भाऊ, लग्नात तरी घेतलं होतं की नाही?"

"तवा? तवा तं घेतलंच. बायायनं दारातच अडवलं. नाव घे, नाव घे म्हनून. मंग घेतलं."

"उखाण्यात?"

"हो ना. मंग तुलसीच्या लग्नात एक डाव, पोराच्या बारशात एक डाव. कोनी अडवलं तं घेते. अडवल्याबिगर नाई."

हे बोलले आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. दार तर होतं! घरातल्या बायकांनी अडवलं, "नाव घे" म्हटलं, तर नाव घेणं पाप नाही, उलट मान आहे. काठमांडूच्या बाबूनं पोलिसासारखं विचारलं होतं, "पतीचं नाव?" त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की दार अडवून मागायचं असते.

मी साहेबांना समजावलं. उखाणा म्हणजे काय, हे त्यांना मराठीत कळेना, हिंदीत मला सांगता येईना. शेवटी हेड कॅशियरनी पिंजऱ्यातून हात बाहेर काढून म्हटलं, "साहब, शायरी में पति का नाम लेती है. सिर्फ शायरी में." साहेब हसले. मग एकदम थांबले.

"बाई, लेकिन तार में क्या लिखें?"

"दोनच शब्द," मी म्हटलं. "बाबूनं तिच्यासमोर मोठ्यानं वाचायचे. नाव घे."

"ये बँक का तार है, बाई. गुप्त आकडा लगेगा. ऊपर से पूछेंगे तो मैं क्या बोलूँ?"

"सांगा, इकडची लग्नाची रीत आहे."

साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिकडून विचारलं असतं की ही काय भाषा, ही कसली बँक, तर सही त्यांची होती, माझी नव्हती. बाहेर देवाजी माठाजवळ उभे होते आणि पेल्यात पाणी घेऊन ते पीत नव्हते. साहेबांनी काचेतून तिकडे बघितलं. मग कागद ओढला, दोन शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले, खाली लिहिलं की हे शब्द बाईंना मोठ्यानं वाचून दाखवावेत, त्या कवितेत पतीचं नाव सांगतील, ते देवाजी आले तर रक्कम द्यावी. आणि सही ठोकली. फाइलीत कारण म्हणून काय लिहिलं माहीत आहे? "स्थानिक वैवाहिक प्रथा." ती फाइल पुढे कोणी तपासली असेल तर त्याच्या घरी काय बोलला असेल, देव जाणे.

तार घेऊन मी स्वतः पोस्टात गेले. तारबाबूनं ते दोन शब्द वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "बोरकरबाई, बँकेत लग्नं लावून राहिले काय तुम्ही?"

मग वाट बघणं. ते वाट बघणं तुम्हाला नाही कळायचं. तुमच्या फोनवर चाक फिरते तेवढ्यात तुमचा जीव जाते. आम्ही बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी बँक उघडली तरी काही नाही. देवाजी रात्री मिलजवळच्या कोणा ओळखीच्याकडे झोपले होते, झोपले म्हणजे पडले होते. घड्याळाकडे बघायचे आणि विचारायचे, "बाई, बस निघाली असन का?" मी म्हणायची, "नाही हो, यात्रेच्या बसा कधी वेळेवर निघतात का?" दोन्ही गोष्टी मला माहीत नव्हत्या.

जेवणाच्या सुट्टीच्या आधी तारवाला आला. या वेळी त्यानं तार साहेबांच्या हातात देण्याआधीच दारातून ओरडून सांगितलं, "मिळाले हो, मिळाले!" त्यानं वाचलीच होती. त्यात होतं, रक्कम दिली. ओळख पटली. बाईंनी कविता म्हटली.

साहेबांनी ती तार टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी सपाट केली. हेड कॅशियरनी पिंजऱ्यात टाळ्या वाजवल्या. देवाजी बाकावर बसले, दुपट्टा तोंडावर घेतला, आणि बराच वेळ त्यांनी तो काढला नाही. मग दुपट्ट्याच्या आडूनच त्यांनी विचारलं, "सगळ्यायसमोर घेतलं?"

"सगळ्या बँकेसमोर."

"काय म्हनाली?"

"ते तारेत नाही हो, भाऊ."

म्हातारी आली. झोपवून, गाडी बदलत, रेल्वेच्या बाकावर सून रात्रंदिवस बसून, पण आली. पुढे काठी घेऊन चालायलाही लागली. आणि पेरणीच्या आधी एके दिवशी यमुनाबाई नवऱ्यासोबत आमच्या बँकेत आली. बुटकी, काळीसावळी, हसली की तोंडावर पदर घेणारी. मला म्हणाली, "तुमीच का वं त्या बाई?" आणि माझे दोन्ही हात धरले. मी तिला माठाजवळ नेलं, बाकावर बसवलं.

"सांग ना, काय झालं तिथं?"

"काय सांगू माय! आदल्या दिशी तो बाबू इचारे, इचारे, मी का बोलीन? घरी आली, म्हंजे धरमशाळेत, सारी रात रडली. सकाळी दवाखान्यात गेली, तं सासू म्हने, घेऊन टाक वं, मी मेली तं त्याचं नाव राहून काय करशीन? मी म्हनलं, मामी, तोंडातून नाई निघत. दुसऱ्या दिशी बाबूनं आमाले बलावलं. हातात कागद. तो कागद पाह्ये, मंग मले पाह्ये. मंग खाकरला, न् म्हने, 'नाव घे.' असा! जसा कोनी दिराचा पोरगा! सोबतच्या बाया अशा हासल्या, अशा हासल्या! साऱ्या दारात जाऊन उभ्या झाल्या, हात आडवे केले, न् घे वं यमुने, नाव घे! तिथले लोक कलम टाकून पाहून राह्यले. मले वाटलं, मी सासरच्या दारात उभी आहो. मंग घेतलं."

"काय घेतलं?"

"आता कायले? आता का पैशे देता?" असं म्हणून हसली. पण राहवलं नाही. इकडेतिकडे बघितलं, माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली,

"पशुपतीच्या दारी वाजे पितळेची घंटा,
देवाजीरावांचं नाव घेते, मिटवा आता तंटा."

हळूच म्हणजे तिला वाटलं हळूच. देवाजी खिडकीजवळ भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून उभे होते. ते घड्याळ तेव्हा बंद होतं. तरी ते त्याच्याकडे असे बघत होते जसं त्यात काही लिहिलं आहे, आणि त्यांचे कान मागून लाल झालेले मला दिसत होते.

त्या दोघांना एसटीकडे जाताना मी दारातून बघितलं. ते पुढे, ती मागे, जसे सगळेच जायचे. मग रस्त्याच्या वळणावर ते थांबले, ती जवळ येईपर्यंत उभे राहिले, आणि दोघं बरोबर चालायला लागले. त्यांनी काहीतरी विचारलं असणार, कारण तिनं पदर तोंडावर घेतला.

मी आत येऊन खण उघडला आणि कार्डं उगाच सारखी करत बसले.

तुला एक सांगते, श्रुती, तुझ्या आईलाही नीट सांगितलेलं नाही. त्या बँकेत मी आले ती तुझ्या आजोबांच्या जागेवर. ते तिथेच होते, त्याच खणांजवळ. तापाचं निमित्त झालं आणि गेले, तुझी आई तेव्हा फ्रॉकमध्ये होती. मला नोकरी द्यायची की नाही हे ठरवायला वरून साहेब आले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पतीचं नाव?" सगळ्यांना माहीत होतं, साहेबांच्या कागदावरही लिहिलेलं होतं, पण माझ्या तोंडून ऐकायची रीत होती. मी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. शेवटी माझ्याच मनात आलं, अगं, आता कोणाचं आयुष्य कमी होणार आहे? आणि मी घेतलं. उखाण्यात नाही, तसंच. कोरडं. मोठ्यानं घेतलेलं ते पहिलंच. ज्यानं ऐकायचं तो नव्हता.

आमचं लग्न घाईत झालं होतं, माझे वडील आजारी होते, दारात अडवायला कोणाला सवड नव्हती. तुझ्या आजोबांनी मला कधीतरी विचारलंही होतं, "तू आमचं नाव घेतलंच नाही." मी म्हटलं, घेईन की, जन्म पडला आहे. म्हणून यमुनाबाई माझ्या कानात बोलली तेव्हा मला काय झालं, ते तुला आता कळेल. पण वाईट नाही वाटलं, बरं का. मला वाटलं, चला, या बँकेत एकाच्या तरी कानावर वेळेत गेलं. त्यासाठीची तार मी पोस्टात नेली होती. माझ्या नोकरीचं एवढं बास झालं.

तर आता तू मला सांग. तुझं लग्न कचेरीत, सह्या करून झालं. मी काही म्हटलं का? नाही. पण तुला दारात कोणी अडवलं नाही, आणि तुझा तो अनिकेत अजून माझ्या घरात आला नाही. त्याला घेऊन ये. दोन दिवस तरी ये. तांदूळ नवा आला आहे, लाडू करून ठेवले आहेत, आणि माझे पाय आताशा दुखतात, पण दारात उभी राहण्याइतके अजून चांगले आहेत. दोन्ही हात आडवे करून उभी राहीन. नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही, तुझी बँक मध्ये पडली तरी नाही.

आणि तू घेतलंस की मग मी घेईन. माझा उखाणा तयार आहे, फार वर्षांपासून तयार आहे. फक्त अडवायला कोणीतरी पाहिजे. ये लवकर.